हळद मेंदूपर्यंत कशी पोहोचायची?



हळद हे असे पीक आहे की ते शेतातही लागते, चुलीपाशीही लागते आणि औषधाच्या फळीवरही लागते. बोट कापले की चिमूटभर हळद दाबायची, हे कोणा मास्तराने शिकवावे लागत नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळवले, तेव्हा आपल्या सी.एस.आय.आर. संस्थेने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने जुने ग्रंथ पुराव्याला लावले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करवले. आपल्या आज्यांची साक्ष सातासमुद्रापलीकडच्या कचेरीत खरी ठरली म्हणायची.

पण ती जखम कातडीवरची. आज बोलायचे आहे ते कवटीच्या आतल्या जखमेविषयी.

हा विषय काढायला कारण घडले आहे. ट्रॉली उलटते, मोटारसायकल खडीवरून घसरते, झाडावर चढलेला गडी फांदीसकट खाली येतो. डोक्याला मार बसतो. जीव वाचतो, पण घरचा कर्ता पुरुष महिनोन्महिने अंथरुणावर राहतो. कुणाची वाचा जाते, कुणाची आठवण जाते, कुणी उगाच चिडचिडा होतो. अशा घरी मग चांगल्या मनाचा कुणी पाहुणा येतो आणि सांगतो, ‘नॅनो हळदीच्या गोळ्या निघाल्यात, थेट मेंदूत जातात म्हणे.’ डबीची किंमत काही थोडी नसते. शेळी विकून ती आणली जाते. तर अशा वेळी त्या गोळीत किती खरे आणि किती वाऱ्यावरचे, हे तुम्हांला आधीच ठाऊक असावे, म्हणून हा खटाटोप.

प्रथम मार लागल्यावर आत काय होते ते पाहू. मेंदूला इजा एकदा होत नाही, दोनदा होते. पहिली इजा आदळल्याच्या क्षणी. पेशी चिरडतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. त्या क्षणाला कोणताच डॉक्टर मागे नेऊ शकत नाही. दुसरी इजा त्यानंतर तासातासाने, दिवसादिवसाने वाढत जाते. मेंदूला सूज येते, आणि कवटी हाडाची असल्यामुळे त्या सुजेला पसरायला जागा नसते. मेलेल्या पेशींतून निघालेली द्रव्ये शेजारच्या चांगल्या पेशींना बाधतात, आणि शरीराचे स्वतःचे सफाई कामगारही चवताळून नको तिथे हात मारतात. कणगीतला एक आंबा सडला की त्याची लागण शेजारच्या चार आंब्यांना होते ना, तसलाच प्रकार. डॉक्टरांची सारी धडपड या दुसऱ्या इजेशी असते, कारण तिथे अडवायला वाव असतो.

हळदीचे नाव इथे येते. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्याला कुर्कुमिन म्हणतात. १८१५ साली ते प्रथम वेगळे काढले गेले. वाळल्या हळकुंडात ते शेकडा दोन ते पाच भाग असते. बाजारात दर ठरवताना या टक्क्याला मान असतो हे हळदवाल्यांना सांगायला नको. सूज उतरवणे, पेशी जाळणारी द्रव्ये निकामी करणे, हे गुण या कुर्कुमिनमध्ये प्रयोगशाळेत दिसले. २००६ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी काही उंदरांना खाण्यातून कुर्कुमिन दिले आणि त्यांच्या मेंदूला ठरावीक मापाचा धक्का दिला. ते न खाल्लेल्या उंदरांपेक्षा हे उंदीर पाण्याच्या टाकीत वाट शोधायला अधिक चांगले शिकले. कांद्याच्या सालीतले क्वेर्सेटिन, द्राक्षाच्या सालीतले रेझव्हेराट्रॉल, अशा आणखीही द्रव्यांवर असेच काम चालले आहे. म्हणजे लासलगाव, नाशिक आणि सांगली या तिन्ही बाजारांचा माल या प्रयोगशाळेत हजर आहे!

मग अडते कुठे? घोटभर हळदीचे दूध पाजले की झाले, असे वाटेल. तसे होत नाही, आणि त्याचे पहिले कारण घरातल्या बायकांना चांगले ठाऊक आहे. हळद फोडणीत तेलात पडली की झटकन रंग सुटतो. नुसत्या पाण्यात टाकली तर तळाशी बसते. लुगड्यावर पडलेला डाग पाण्याने जात नाही. कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून आतड्यातून ते रक्तात फारच थोडे उतरते. जे उतरते त्याचा बराच भाग आतड्याची भिंत आणि यकृत मिळून लगोलग बदलून टाकतात आणि शरीर ते बाहेर काढते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील मंडळींनी १९९८ साली माणसांना दोन ग्रॅम कुर्कुमिन खायला घालून रक्त तपासले. रक्तात ते सापडेना, सापडले तर अगदी नावापुरते. पण त्याबरोबर मिऱ्यातले पिपेरिन अवघे वीस मिलिग्रॅम दिले, तर कुर्कुमिन रक्तात येण्याचे प्रमाण वीस पटींनी वाढले. आपल्या काढ्यात हळदीबरोबर मिरी कुणी घातली ते कळायला मार्ग नाही, पण ज्याने घातली त्याची जीभ किंवा बुद्धी, काहीतरी तल्लख असले पाहिजे. मात्र शून्याच्या जवळपास असलेल्या गोष्टीचे वीस पट म्हणजेही फार मोठे घबाड नव्हे, हे हिशेबात धरा.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. ती मेंदूच्या वेशीवर उभी आहे.

१८८५ साली जर्मनीत पॉल एर्लिक नावाचा शास्त्रज्ञ जनावरांच्या रक्तात रंग टोचून पाहत होता. यकृत रंगले, स्नायू रंगले, सगळे अवयव रंगले. मेंदू मात्र पांढराच राहिला. त्याला वाटले, मेंदूला रंग धरण्याचीच ताकद नसेल. पुढे त्याचा शिष्य गोल्डमन याने १९१३ साली उलटे करून पाहिले. त्याने रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले! म्हणजे दोहोंच्या मध्ये काहीतरी आडकाठी होती. ती आडकाठी डोळ्यांना दिसायला १९६७ साल उजाडले. बोस्टनमध्ये रीस आणि कार्नोव्हस्की यांनी फार शक्तिमान सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना अशा घट्ट चिकटलेल्या आढळल्या की मधून फटच नाही. इतर अवयवांच्या वाहिन्या गोणपाटासारख्या असतात, थोडेफार झिरपते. मेंदूच्या वाहिन्या मात्र चांगल्या बांधलेल्या आडासारख्या, दगडाला दगड भिडलेला. प्राणवायू जातो, साखर जाते, काही तेलकट बारीक द्रव्ये जातात. बाकी सर्वांना दारात उभे राहावे लागते. विषबाधेपासून मेंदू वाचावा म्हणून ही व्यवस्था, पण तिच्यामुळे औषधही अडते. कुर्कुमिन तेलकट असल्याने थोडेसे आत सरकू शकते. परंतु वेशीपर्यंतच जर मूठभर माल आला, तर वेशीच्या आत चिमूटभरच जायचा.

आता त्या ‘नॅनो’कडे वळू. हा शब्द तुम्हांला नवा नाही. २००८ साली मोटार निघाली, २०२१ पासून युरियाची बाटली आली. (त्या बाटलीने खताची गोणी खरोखर वाचते का, हा वाद निराळा, त्यावर कृषी विद्यापीठांतही एकमत नाही.) एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. खसखशीचा दाणा साधारण एक मिलिमीटरचा धरा. त्याच्या रुंदीवर शंभर नॅनोमीटरचे कण एका ओळीत मांडले, तर दहा हजार बसतील. औषध अशा कणात कोंडून रक्तात सोडायचे, ही ती कल्पना.

कल्पना तुमच्या ओळखीची आहे, एवढेच की तुम्ही ती फवाऱ्यात पाहिलेली आहे. कीटकनाशकाच्या बाटलीवर ‘ई.सी.’ अशी अक्षरे असतात. बाटलीतले औषध तेलकट, पण पाण्यात ओतताच दुधासारखे पांढरे होते आणि पंपातून सुरळीत फवारले जाते. त्यात साबणासारखे एक द्रव्य मिसळलेले असते, ते तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगते ठेवते. कुर्कुमिनचे तसेच करतात, फक्त थेंब किती तरी बारीक. दुसरी तऱ्हा निंबोळी लावलेल्या युरियाची. दाण्यावर लेप असला की युरियातले नत्र एकदम वाहून जात नाही, हळूहळू पिकाला मिळते. औषधाच्या कणाभोवतीही असा लेप घालतात. ऑपरेशनमध्ये आपोआप विरघळणारे टाके घालतात ना, त्या टाक्यांच्या जातीच्या पदार्थाचेच हे वेष्टन बनवता येते. ते शरीरात सावकाश विरते आणि आतला माल थोडा थोडा सोडते.

पण वेशीच्या आत शिरायचे कसे? इथे एक गमतीदार युक्ती सापडली. जर्मनीतल्या फ्रँकफर्टचे योर्ग क्रॉयटर यांनी १९९५ साली वेदना थांबवणारे एक औषध कणांवर बसवले आणि कणांना पॉलिसॉर्बेट-८० या द्रव्याचा हात फिरवला. हेच द्रव्य आइस्क्रीमचे स्निग्ध आणि पाणी एकजीव ठेवायला वापरतात. ते औषध नुसते रक्तात दिले तर उंदरांवर परिणाम होईना. लेप दिलेल्या कणांवरून दिले, तर उंदरांची वेदना कमी झाली. असे का? तर या लेपाला रक्तातली एक प्रथिने येऊन चिकटतात, जी एरवी चरबीची गाठोडी वाहून नेणारी असतात. वेशीवरच्या पेशींना वाटते, नेहमीचे चरबीचे गाठोडे आले, आणि त्या कणाला आत ओढून घेतात. पाटलाच्या वाड्यात शिरायला दूधवाल्याची घागर डोक्यावर घ्यावी, तसला हा वेषांतराचा खेळ. हीच युक्ती वापरून बोस्टनच्या ब्रिघम अँड विमेन्स रुग्णालयातील संशोधकांनी २०२१ साली डोक्याला मार दिलेल्या उंदरांच्या मेंदूत औषध पोहोचवून दाखवले. ते औषध वनस्पतीचे नव्हते, पण गाडी तीच. तिच्यात कुर्कुमिनही भरता येते आणि तसे प्रयोग होत आहेत.

आणखी एक गोष्ट. मार लागला की त्या जागेची वेसच काही काळ तडकते. बांध फुटला की पाणी त्याच ठिकाणी शिरते, तसे कणही नेमके जखमी भागात झिरपतात. पण ही फट कायम राहत नाही. बुजली की पुन्हा वेषांतर आलेच. आणि एवढे करूनही टोचलेल्या कणांतले बहुतेक सगळे यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात. शंभरातला एखादा कण मेंदूत पोहोचला तरी संशोधक खूश होतात.

तुम्ही म्हणाल, उंदराला गुण आला ना, मग माणसाला यायला काय हरकत? हरकत आहे, आणि तिचा इतिहास चांगला कडू आहे. सूज उतरवणारे स्टेरॉइड डोक्याच्या मारावर डॉक्टर वर्षानुवर्षे देत होते. कुणालाही पटावे असे ते औषध होते. शेवटी दहा हजार रुग्णांवर त्याची नीट परीक्षा केली आणि २००४ साली निकाल आला. औषध दिलेल्यांपैकी शेकडा एकवीस दोन आठवड्यांत दगावले होते, न दिलेल्यांपैकी शेकडा अठरा. म्हणजे औषधानेच माणसे जास्त गेली!

दुसरे उदाहरण वनस्पतीच्याच वाटेवरचे आहे. प्रोजेस्टेरॉन नावाचा संप्रेरक गर्भारपणात बाईच्या शरीरात वाढतो. १९४०च्या दशकात रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने तो मेक्सिकोतल्या एका रानकंदापासून बनवला. आपल्या कोनफळाच्या जातकुळीतलाच कंद तो. या प्रोजेस्टेरॉनने मार लागलेल्या जनावरांचे मेंदू वाचतात असे पुष्कळ प्रयोगांत दिसले. माणसांवरच्या लहान परीक्षांतही आशा वाटली. मग दोन मोठ्या परीक्षा झाल्या, दोन्ही मिळून दोन हजारांवर रुग्ण. २०१४ साली दोन्हींचे निकाल छापले गेले : काहीही फायदा नाही.

कुर्कुमिनची अजून अशी एकही मोठी परीक्षा मेंदूच्या मारावर झालेली नाही. उलट २०१७ साली काही अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी सगळे जुने काम चाळून सांगितले, की हे द्रव्य फार अस्थिर आहे, ते प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवते आणि गुण असल्याचा भास निर्माण करते. टेक्सासमधल्या एका नावाजलेल्या संशोधकाचे कुर्कुमिनवरचे कित्येक निबंध तर नियतकालिकांना मागे घ्यावे लागले. मला स्वतःला वाटते, कणांची ही गाडी पुढे खरोखर उपयोगी पडेल. तिच्यात शेवटी हळद बसेल की दुसरेच कोणी, याबद्दल मात्र मी पैज लावणार नाही.

तेव्हा आता त्या डबीकडे या. प्रयोगशाळेतले कण सुईने रक्तात दिले जातात, किती, कधी, कोणत्या मापाचे ते मोजून. डबीतली गोळी पोटातून जाते. तिच्यावर ‘नॅनो’ लिहिले म्हणून तिला वेशीची किल्ली मिळत नाही. त्यातून रक्तात जास्त मुरणारी हळद निरुपद्रवी असतेच असे नाही. अमेरिकेतील यकृतविकार नोंदवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने २०२२ साली हळदीच्या गोळ्यांनी यकृत सुजलेले दहा रुग्ण नोंदवले. त्यांतला एक दगावला. काहींच्या गोळ्यांत मिरीचा अर्कही होता. भाजीतल्या हळदीला भिण्याचे काही कारण नाही. पण अर्काच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगायचे, आणि रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याने तर सांगितलेच पाहिजे, कारण रक्त गोठण्यात हळदीचा अर्क ढवळाढवळ करतो असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

अंथरुणावरच्या माणसासाठी तेच पैसे कुठे लावावेत, असे विचाराल तर माझे उत्तर साधे आहे. हातापायांचे व्यायाम शिकवणाऱ्या माणसाच्या फेऱ्या, बोलायला शिकवणाऱ्याच्या फेऱ्या, दर दोन तासांनी कूस बदलायला एक जास्तीचा हात आणि पाठीला चट्टे पडू नयेत म्हणून हवेची गादी. यांत चमत्कार नाही, पण तुटलेल्या वाटांऐवजी मेंदू नव्या वाटा याच सरावाने पाडतो. इस्पितळाचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावे.

आणि मार लागण्याच्या वेळेबद्दल थोडे. पडलेला माणूस उठून बसला, बोलला, चहा मागू लागला, म्हणून निश्चिंत होऊ नका. कवटीखाली रक्त साचत असेल तर असा बोलता माणूस काही तासांत बेशुद्ध होतो. उलट्या, न आवरणारी गुंगी, झटका, एका डोळ्याची बाहुली मोठी, एक हात लुळा, कानातून-नाकातून रक्त किंवा पाणी, यांतले एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करायचा आणि सी.टी. स्कॅन जिथे आहे अशा इस्पितळात न्यायचे. वेळेला किंमत किती आहे पाहा : रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड नावाचे औषध आहे. २०१९ साली छापलेल्या बारा हजारांवर रुग्णांच्या परीक्षेत, सौम्य आणि मध्यम मार असलेल्यांना ते तीन तासांच्या आत मिळाले तर मृत्यू कमी झाले. जितके लवकर, तितका गुण जास्त. उशीर झाला की तो गुण ओसरत जातो.

गाडी येईपर्यंत मान हलू द्यायची नाही. वाहत्या जखमेवर स्वच्छ फडके धरायचे. कानातून येणारे रक्त बोळा घालून कोंडायचे नाही. तोंडात काही घालायचे नाही, पाणीही नाही आणि हळदीचे दूधही नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या ते फुप्फुसात जाते. नाकातही काही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नाकावाटे मेंदूला औषध देण्याचेही प्रयोग चालले आहेत, आपल्याकडे नस्याची जुनी परंपरा आहे, आणि कुणीतरी तुपाची वाटी घेऊन धावेल. कवटीचा तळ तडकला असेल तर नाक आणि मेंदू यांच्यातला पडदा फाटलेला असतो.

रस्त्यावर पडलेला अनोळखी असेल तर लोक बाजूने निघून जातात, पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले आहे. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि इस्पितळात त्याला स्वतःचे नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.